करंट फीलिंग्स

आज सकाळी लोकलमध्ये एका मुलीचा मोबाइल चोरून बघितला. हो, बघितला. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेल्या बाईला शेजारणीच्या मोबाइलशिवाय दुसरं दिसतं तरी काय.

बावीस-तेवीसची असेल. केस ओले, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, मांडीवर डब्याची पिशवी. स्क्रीनवर जांभळं कापड, त्यावर टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या, पत्त्यांचे तीन गठ्ठे आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक रंगीत खडा. डोळे मिटा, खोल श्वास घ्या, एक गठ्ठा निवडा आणि जाणून घ्या तुमच्या 'पर्सन'च्या करंट फीलिंग्स. कानात इअरफोन होते, पण खाली अक्षरं येत होती ना! 'तो तुमच्याशी बोलायला तडफडतोय, पण त्याचा इगो आड येतोय.' मुलीने कमेंटमध्ये 'क्लेम' लिहिलं, म्हणजे हे माझंच. वर सरकवलं. दुसरी बाई, दुसरं कापड, तेच तीन गठ्ठे, तोच प्रश्न. दिवा गेलं, ठाणं गेलं, घाटकोपर आलं. तेवढ्यात चार बायकांना विचारून झालं की त्याच्या मनात काय आहे. चौथीने 'थर्ड पार्टी एनर्जी', म्हणजे मध्ये कुणीतरी तिसरं आहे, असं म्हटल्यावर मुलीचे डोळे भरले आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? 'मी तुझा मोबाइल वाचत होते' असं?

पण ऑफिसात दिवसभर टाळकं फिरलेलं होतं, म्हणून आता हे लिहितेय. भाजी गॅसवर आहे, करपली तर करपली.

अगं, त्या व्हिडिओतल्या बाईला तुझं नाव माहीत नाही. त्याचं नाव माहीत नाही. तो व्हिडिओ तिने कधीतरी दुपारी फावल्या वेळात करून ठेवलाय आणि तो तुझ्यासारख्या हजारो पोरी बघतायत. म्हणजे त्या हजारोंचे हजारो तडफडतायत आणि सगळ्यांचा इगोच आड येतोय! वर म्हणणार काय, तर 'हा व्हिडिओ तुमच्यासमोर आला म्हणजे तो तुमच्यासाठीच आहे.' मला रोज गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येते, तीही विश्वानेच पाठवली समजू का? (गुडघे दुखतात, पण तो भाग वेगळा.) आणि 'जे जुळेल ते घ्या, बाकीचं सोडून द्या' हे तर फारच सोयीचं. मी बँकेत हिशेब असा लावला असता तर?

फुकटातली गोष्ट झाली ही. पुढे वैयक्तिक रीडिंग. एका प्रश्नाचे अमुक, तीन प्रश्नांचे तमुक, तातडीने हवं असेल तर जादा. 'तो परत येईल का' याचं उत्तर कधीच 'नाही' नसतं. 'नाही' म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात कशाला येईल? उत्तर असतं 'येईल, पण अडथळे आहेत.' मग अडथळे काढायचे पैसे. आपल्याकडे याला नजर काढणं म्हणतात आणि त्याला दोन मिरच्या आणि चिमूटभर मीठ पुरतं.

आता माझ्या यादीतली निम्मी मंडळी हसतायत, मला दिसतंय. आपण काय बाबा, विवेकवादी. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, दाभोलकरांच्या खुनानंतर, पुण्यात रस्त्यावर उतरलेली माणसं. तर जरा तुमच्याकडेही वळते. यातल्या किती जणांनी मुलाची-मुलीची पत्रिका 'आईच्या समाधानासाठी' बघितली? ३६ पैकी १८ जुळले की हुश्श. एकट्या नाडीचे ८ गुण. मनं जुळतात की नाही, याचा रकाना त्यात कुठे आहे ते दाखवा. ती लोकलमधली पोर निदान 'त्याच्या मनात काय आहे' असं तरी विचारत होती. तुम्ही तेवढंही विचारत नाही. आणि जत्रेतल्या पोपटवाल्याकडे लहानपणी आपण सगळे बसलोय. पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, चोचीने एक पत्ता ओढायचा आणि दोन दाणे खाऊन आत जायचा. तो पोपट व्हिडिओतल्या बाईपेक्षा बरा. निदान समोरासमोर असायचा.

असो. खरं तर मला पत्त्यांवर चिडताच येत नाही. माझंच एक प्रकरण आहे.

काही जणींना तीन तलवारींची गोष्ट माहीत आहे. गच्चीवर, कोजागरीला, दूध आटेपर्यंत शंभरदा सांगितलीय. २००३ साल, पुणे, मुलींचं वसतिगृह, तिघींची खोली. रूममेट सावंतवाडीची, म्हणून तिला सगळ्या 'वाडी'च म्हणायच्या. कमर्शियल आर्ट शिकत होती. मामा जहाजावर. त्याने तिला कुठल्याशा बंदरातून टॅरोचा संच आणून दिलेला. माझा एक 'तो' होता. अकरावीपासूनचा, सांगलीचाच, आता पुण्यात इंजिनिअरिंगला. तीन आठवडे त्याचा फोन नव्हता. रात्री दिवे गेल्यावर बॅटरीच्या उजेडात वाडीने तीन पत्ते मांडले. एक मी, एक तो, एक आमच्यामध्ये जे काही आहे ते. तिसरा पत्ता उलटला. लालभडक काळीज, त्यात आरपार तीन तलवारी, मागे पाऊस. माणूस कुठेच नाही. आणि पंधरा दिवसांच्या आत आमचं संपलं. अंगावर काटा!

ही गोष्ट मी अशीच सांगत आलेय.

वाडीला भविष्याशी देणंघेणं नव्हतं, तिला चित्रं बघायची होती. तो संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. आर्थर वेट नावाच्या गूढविद्यावाल्याने योजना सांगितली, ८० च्या आसपास चित्रं पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईने काढली. साध्या, आकड्यांच्या पत्त्यांवरही. त्याआधीच्या बहुतेक संचांत तीन तलवारी म्हणजे नुसत्या तीन तलवारी असायच्या. आपल्या इस्पिक तिर्रीवर तीन इस्पिकं असतात तशा. हिने त्यात काळीज घातलं, पाऊस घातला. आणि संचाला नाव कुणाचं? प्रकाशक रायडर आणि ते वेट. हिने एका पत्रात लिहून ठेवलंय की काम ढीगभर आणि पैसे अगदीच थोडे. १९५१ साली गेली ती, डोक्यावर देणी ठेवून. आज जगभर जी दुकानं चाललीयत ती बहुतेक हिच्याच चित्रांवर, हे आठवलं की मला त्या जांभळ्या कापडाचा आणखी राग येतो.

त्याच्याही मागे गेलं तर टॅरो हा चक्क खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतले सरदार-दरकदार हे पत्ते खेळायचे. मिलानच्या राजघराण्याने सोन्याचा वर्ख लावून रंगवून घेतलेले होते. डाव मांडायचा, हात जिंकायचे. ७८ पत्ते, त्यातले २१ हुकमाचे आणि एक विदूषकाचा. पुढे १७८१ साली पॅरिसमधल्या कूर द जेबलँ नावाच्या पंडिताने छापून टाकलं की हे इजिप्तचं प्राचीन गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाही वाचता येत नव्हती, त्यामुळे खोडून काढणार कोण! वाडीला हे ऐकून नवल वाटलं नसतं. तिच्या गावातच गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, दशावताराचे १२०. 'आमच्याकडे देव हातात धरून पत्ते खेळतात, तुमच्याकडे पत्त्यांना देव करतात,' असं काहीतरी ती म्हणायची. तुमच्याकडे म्हणजे सांगलीला. तिच्या मते घाटावरचे सगळे एकच.

आणि चित्र वाचायची कशी! प्रेमिकांचा जो पत्ता असतो ना, 'लव्हर्स', त्यावर बाप्या आणि बाई उभे, वर पंख पसरलेला देवदूत. वाडीने बोट ठेवून दाखवलं, 'बघ, हा तिच्याकडे बघतोय. ती वर बघतेय. मग हे दोघं एकमेकांकडे बघतायत कुठे?' मला वाटतं पुढे मी लग्न केलं तेव्हा, आणि मोडलं तेव्हाही, कुठल्याही समुपदेशकाने याहून कामाचं काही सांगितलं नाही. जुन्या फ्रेंच संचात म्हणे याच पत्त्यावर एक पुरुष दोन बायकांच्या मध्ये उभा असतो. तेही खरंच आहे म्हणा.

म्हणजे बघा, समोर आपलं माणूस बसलंय, मध्ये चित्र आहे आणि त्या चित्राच्या आडोशाने एरवी जिभेवर न येणारं बोललं जातंय, तर त्यात मला काही गैर दिसत नाही. हां, पैसे घेऊन हेच सरळपणे करणारे काही टॅरोवाले आहेत, 'भविष्य सांगत नाही' असं पहिल्यांदाच बजावणारे. मान्य. आणि त्या पोरीला बोलायला घरात कुणी नसेल, समुपदेशकाची फी परवडत नसेल, तेही मान्य. पण म्हणून तिथे नसलेल्या माणसाचं मन वाचून दाखवायचं? त्याला न विचारता? तो कल्याणला झोपलेला असतो हो! त्याच्या 'करंट फीलिंग्स' झोपेच्या असतात!

भाजी करपली. खरंच करपली. थांबा.

आले. तर तीन तलवारी.

जी गोष्ट मी सांगत आले त्यात मी एक गाळत आले. त्या रात्री पत्ते एकदा नाही मांडले, तीनदा मांडले. तलवारी आल्यावर मी म्हटलं, नीट पिसले नव्हतेस, पुन्हा. दुसऱ्या वेळी काय आलं आठवत नाही, काहीतरी बेतास बात. म्हटलं, पुन्हा. तिसऱ्या वेळी आले दोन चषक. मुलगा आणि मुलगी समोरासमोर, हातात एकेक पेला, वर पंखांचा सिंह. म्हणजे प्रेमाचा अगदी उजवा पत्ता. मी आनंदाने ओरडले, आमची तिसरी रूममेट 'झोपा गं भवान्यांनो' म्हणाली. त्या रात्री मी दोन चषकांवर विश्वास ठेवून झोपले. पुढे सगळं मोडल्यावर ते चषक गोष्टीतून गेले आणि तलवारी तेवढ्या राहिल्या. वीस वर्षं मी लोकांच्या अंगावर काटा आणतेय तो निवडून ठेवलेला काटा आहे.

ती लोकलमधली मुलगी चार व्हिडिओ बघत होती आणि मी तीनदा पिसून घेत होते. तिच्यावर मी कुठल्या तोंडाने चिडतेय?

वाडी मात्र खूश नव्हती. तिने पत्ते गोळा केले, बिस्किटांच्या डब्यात ठेवले, वर रबर लावलं. तिच्या गावी देवळात कौल लावतात ना, देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडली की डावी ते बघतात. तिची आजी म्हणायची, कौल एकदाच घ्यावा, पुन्हा पुन्हा लावला की देव कंटाळतो. हे तिने मला तेव्हा ऐकवलं. मी म्हटलं, पण आता पत्ता चांगला आलाय ना, पत्ते खोटं सांगतील का? ती चिडली की मालवणीत जायची. म्हणाली, 'पत्ते काय सांगतले? ते मुके आसत.'

तिला काही माहीत होतं का? तिने त्याला कुठे कुणाबरोबर बघितलं होतं का? मी तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही. ती आता मस्कतला असते, दोन मुली आहेत, वाढदिवसाला फुलांचं चित्र पाठवते. आज दुपारी तिला मेसेज टाकला, 'तीन तलवारी आठवतात?' उत्तर आलं, 'कसल्या?' आणि पाठोपाठ, 'तू रडत होतीस आणि बाहेर जायला तयार नव्हतीस एवढंच आठवतं. म्हणून मी रुपया दिला.'

रुपया मी विसरलेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या हातात एक रुपयाचं नाणं ठेवलं. वसतिगृहाच्या दारातल्या किराणा दुकानाबाहेर लाल कॉइन बॉक्स होता, त्यासाठी. 'जा, त्येका इचार.' बस. मी खाली गेले. माझ्यापुढे एक मुलगी घरी मनीऑर्डरचं विचारत होती, तिचं होईपर्यंत उभी राहिले. मग नाणं टाकलं. त्याच्या होस्टेलचा फोन कुणीतरी उचलला, हाका मारल्या, जिन्यावर पावलं वाजली. मी एका दमात विचारलं. त्याने 'हो' म्हटलं. थोडं थांबून म्हणाला, 'तुला सांगायचंच होतं.' आणि तो पुढे काहीतरी सांगायला लागला तेवढ्यात वेळ संपल्याचा पीं पीं आवाज सुरू झाला. माझ्याकडे दुसरा रुपया नव्हता.