त्या वाड्यांसमोर फोटो काढण्यापूर्वी

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका भाच्याच्या प्री-वेडिंग शूटचे फोटो आले. कॅरिबियनमधल्या एका बेटावर जुन्या ऊसमळ्याच्या मालकाचे घर, रुंद पायऱ्या, पांढरे खांब, समुद्राकडे उतरत गेलेली हिरवळ आणि त्या हिरवळीवर शेरवानी व लेहेंगा. तासाभरात खाली ‘काय राजेशाही!’, ‘स्वप्नातला वाडा!’ अशा प्रतिक्रियांची रांग लागली. दोघेही गुणी आहेत, त्यांचा संसार सुखाचा होवो. पण मला ते फोटो पाहवले नाहीत, आणि ग्रुपवर शुभेच्छांच्या मध्येच वाद घालणे बरे नव्हे म्हणून इथे लिहीत आहे.

या घरांना तिकडे ‘ग्रेट हाउस’ म्हणतात. ती बहुधा उंचावर बांधत, कारण तिथे वारा लागे आणि खालचा सगळा मळा मालकाच्या नजरेत राही. ऊस तोडला की त्याचा रस लगेच काढावा लागतो, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. हंगामात तिथले चरक आणि रस आटवायच्या कढया रात्रंदिवस चालत, आणि त्यांच्यापुढे आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली माणसे आणि त्यांची मुले-नातवंडे उभी असत. झोपेने डोळा लागून एखाद्याचा हात चरकात सापडला, तर तो तोडून माणूस सोडवता यावा म्हणून शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. ज्या हिरवळीला आपण स्वप्नातली म्हणतो, तिचा खर्च या कामातून निघत होता.

पुढे 1833 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि 2 कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती मिळाली मालकांना. राबलेल्यांच्या हाती एक पैही पडली नाही, उलट ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली बहुतेक बेटांवर त्यांना 1838 पर्यंत त्याच मळ्यांवर राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश सरकारने 2015 मध्ये फेडला. आपण सगळे तेव्हा फेसबुकवर होतो, इतकी ही गोष्ट अलीकडची आहे.

आणि म्हणूनच मला राहून राहून किंग्स्टनचे डेव्हन हाउस आठवते. जमैकाला गेले होते तेव्हा मुलीच्या आग्रहामुळे, खरे तर तिथल्या आईस्क्रीमसाठी, आम्ही होप रोडवरच्या त्या वाड्यात गेलो. हा वाडा 1881 मध्ये जॉर्ज स्टीबेल यांनी बांधवून घेतला. आई जमैकन, घरकाम करणारी. वडील जर्मन ज्यू व्यापारी. सुतारकामाने आयुष्याची सुरुवात केलेल्या या माणसाने व्हेनेझुएलातल्या सोन्याच्या खाणीत पैसा मिळवला आणि जमैकाचा पहिला कृष्णवर्णीय लक्षाधीश म्हणून तो ओळखला गेला. गव्हर्नरच्या पत्नीला, लेडी मस्ग्रेव्ह यांना, काळ्या माणसाच्या या देखण्या घरावरून जावे लागू नये म्हणून वेगळा रस्ता काढला, असे तिथे अजून सांगतात. दंतकथा असेल, पण त्या नावाचा रस्ता आजही आहे.

आत झुंबरे, जुने लाकडी सामान, माळ्यावर जुगाराची गुप्त खोली. ते सगळे पाहून आम्ही बागेत बाकावर बसलो होतो. शेजारी खाकी गणवेशातल्या नातवाला घेऊन एक आजी आईस्क्रीम खात होत्या. त्यांनी माझ्या मुलीला विचारले, “आमचं घर आवडलं का तुला?” मग स्वतःहून सांगितले की, त्यांच्या आजी याच भागातल्या एका बंगल्यात कपडे धुवायच्या आणि त्यांना पुढच्या फाटकातून यायची मुभा नव्हती. “मी मात्र पुढच्या फाटकातूनच येते,” त्या म्हणाल्या, “मागचं जवळ पडलं तरी.”

1967 मध्ये सरकारने हा वाडा विकत घेतला, काही वर्षे तिथे राष्ट्रीय कलादालन होते, आणि आज त्याच्या हिरवळीवर शहरातली साधी माणसे बसतात. स्टीबेल यांच्याही मालकीचे ऊसमळे होते, त्यांच्याही घरी नोकरचाकर राबत, हे मान्य. पण त्या आजी जिथे हक्काने बसतात ती बाग आणि जिथे प्रवेशासाठी त्यांना लग्नाचे आमंत्रण लागेल ती बाग, या दोन्ही मला एक वाटत नाहीत.

बागांचे म्हणाल, तर तिथली झाडेसुद्धा हीच कहाणी सांगतात. आपल्या कोकणातला नीरफणस जमैकात 1793 मध्ये कॅप्टन ब्लाय यांच्या जहाजातून आला, तो गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालता यावे म्हणून. आंबा 1782 मध्ये एका पकडलेल्या फ्रेंच जहाजावरून आला. त्या रोपांवर क्रमांक होते, आणि ‘नंबर इलेव्हन’ नावाचा आंबा तिथे आजही विकतात. ‘ईस्ट इंडियन’ही मिळतो. ‘बॉम्बे’ही मिळतो, तो मधोमध गोल कापून दोन्ही हातांनी पिळला की कोय अलगद निघते आणि उरलेल्या वाट्या चमच्याने खातात. तो खाताना मला फार भरून आले. कारण गुलामी संपल्यावर त्याच मळ्यांवर आपली माणसे नेली गेली. मुख्यतः बिहार आणि उत्तर प्रदेशातली, करारावर अंगठा उठवून. जमैकात त्यांचे पहिले जहाज 10 मे 1845 रोजी ओल्ड हार्बर बे इथे लागले. त्या ग्रेट हाउसच्या पायऱ्यांवर आपण केवळ पाहुणे म्हणून उभे राहतो, असे निदान भारतीयांनी तरी समजू नये.

जुनी घरे राखायला पैसा लागतो आणि तो लग्नांतून येतो, हेही खरे. येऊ द्या. पण मग घराच्या दारात तिथे राबलेल्यांची नावे असायला हवीत, आणि नावे मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. 1817 नंतर बहुतेक ब्रिटिश बेटांवर ठरावीक वर्षांनी मालकांना आपल्याकडच्या गुलामांची नाववार यादी सरकारात द्यावी लागे. नाव, वय, कुठे जन्मले, सगळे त्यात आहे आणि त्या वह्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. भाच्याला मी संध्याकाळी फोन करणार आहे. लग्नाचा मुख्य सोहळाही तिथेच ठरला आहे असे कळते. आगाऊ रक्कम भरण्याआधी त्याने त्या घराच्या मालकांकडे ही यादी लेखी मागावी, आणि ती दारात लावायला ते तयार नसतील तर दुसरी जागा पाहावी.