पंच नंबर दोन

"ओ सर, पाय खाली घ्या."

हे मला म्हणलं गेलं. म्हणजे जो माणूस अकरावी-बारावीच्या पोरांना 'नीट बस' म्हणण्याचा सरकारी पगार घेतो, त्याला भर कोर्टात शिपायानं पायावर पाय टाकून बसला म्हणून झापलं. वर मागच्या खुर्चीत आमच्याच कॉलेजचा एक जुना विद्यार्थी काळा कोट घालून बसलेला, ज्याला मी प्रॅक्टिकलला ओढूनताणून पास केला होता, तो फाईलीत तोंड घालून हसला. परवाचीच गोष्ट आहे, अजून आठवलं की कानशिलं तापतात. मॅडम तर अजून डायसवर यायच्या होत्या, मी मान ठेवायचा कुणाचा, रिकाम्या खुर्चीचा?

आता मी कोर्टात कशाला? तर सही केली म्हणून. काही वर्षांमागं पोलीस ठाण्यासमोर चहा पीत होतो, ओळखीचा जमादार आला, म्हणला सर दोन मिनिटं, एक सही द्या. आत गेलो तर अंगणात पाण्याची मोटार ठेवलेली, पाच एचपीची, कुणाच्यातरी विहिरीवरून चोरलेली, आणि शेजारी चोर उकिडवा बसलेला. त्यानं मला नमस्कारसुद्धा केला. जप्ती पंचनामा लिहून झाला, मी वाचला, सही केली, उरलेला चहा प्यायला गेलो तर गार झालेला. संपला विषय, असं मला वाटलं.

कायद्यात झडतीच्या वेळी त्या भागातले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवा असं लिहिलंय म्हणे. माझ्या आख्ख्या आयुष्यात मला प्रतिष्ठित म्हणणारं एवढं एकच खातं निघालं. पंच नंबर एक होता शेजारचा पानटपरीवाला, तो पुण्याला गेला आणि त्याचा पत्ता सापडत नाही. सगळी प्रतिष्ठा आली माझ्या एकट्याच्या डोक्यावर. समन्स घेऊन हवालदार थेट स्टाफरूममध्ये आला. त्या दिवसापासून इंग्रजीचे सर माझ्याशी जरा आदरानं बोलतात.

कोर्टाचं नाव मी सांगणार नाही. मराठवाड्यातला एक जिल्हा समजा. तिथंच परत जायचंय मला.

तर मॅडम आल्या, सगळे उठले, सगळे बसले, मी दोन्ही पाय जमिनीला चिकटवून. सिनेमात असतो तो लाकडी हातोडा कुठंच नव्हता, गीताही नव्हती. होते दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा, आणि टेबलावर लाल-पिवळ्या दोऱ्यांनी बांधलेल्या फाईलींचा असा ढीग की मॅडम त्याच्या पलीकडून फक्त कपाळापुरत्या दिसत होत्या. वयानं माझ्या पहिल्या बॅचच्या पोरींएवढ्या असतील, एमपीएससीतून आलेल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, बाई सकाळपासून मान वर करत नव्हती. तक्रार कुणाबद्दल आहे तेच कळत नाही, हाच तर खरा त्रास आहे.

बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीत, माझा नंबर बराच खाली होता. त्यात मध्येच रिमांड आला. पोलिसांनी कुणाला अटक केली की चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं, त्यामुळं बेड्यांतला माणूस आला की बाकीचा बोर्ड थांबतो. बरोबरच आहे, त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. माझी फक्त एक किरकोळ रजा जात होती.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो, आणि तिथं मला बप्पा भेटले.

बप्पा म्हणजे पासष्ट-सत्तरीचा माणूस, धोतर, टोपी, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद आणि कागदांवर फडक्यात बांधलेली भाकरी. मी बसायच्या आधीच त्यांनी माझ्यासाठी जागा झटकली.

"दिवानी का फौजदारी?"

"फौजदारी," मी म्हणलं. आणि घाईघाईनं, "साक्षीदार आहे."

"पंच?"

"हो."

"तोंडावरूनच वाटलं. कशाचं मॅटर?"

"मोटार चोरीचं."

"मंग कलम तीनशे एकुनऐंशी. नव्या कायद्यात आता तीनशे तीन झालंय, पर तुमचं जुनं असंल. ह्या कोर्टाला तीन वर्साच्या वर शिक्षाच देता येत न्हाई. त्या कोपऱ्यात सीजेएम, म्हंजी मुख्य न्यायदंडाधिकारी, त्यास्नी सात वर्सं. वरच्या मजल्यावर सेशन, ते फाशीबी देत्यात, पर फाशीला हायकोर्टाची मंजुरी लागती, त्याबिगर न्हाई." एवढं सगळं हातानं मजले दाखवत, जसं काही हा वाडा त्यांच्याच मालकीचा आणि ते मला खोल्या दाखवायलेत.

"तुम्ही वकील होता का?" मी विचारलं.

"छ्या. मी वादी हाव."

हे त्यांनी असं सांगितलं की लोक 'मी तहसीलदार आहे' सांगतात. दावा बांधाचा. वडलांनी टाकलेला. वडील गेले, तर ह्यांचं नाव वारस म्हणून लागलं. समोरचा चुलता गेला, त्याच्या पोराचं लागलं. "दाव्याला मरन न्हाई सर," बप्पा म्हणले, "मानसं मेली की नव्वद दिवसात वारस लावायचे, की चालला पुढं."

"पण कागदपत्र तर असतील ना?"

हे मी विचारायला नको होतं असं नाही, पण त्यानंतर पाऊण तास मी फक्त मान हलवत होतो. पिशवीतून निजामाच्या काळातला उर्दू कागद निघाला, प्लॅस्टिक चढवलेला. आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैद्राबाद संस्थानात, त्यामुळं आमच्याकडं अर्ध्या शेतजमिनींची सुरुवातच मालकाला वाचता येत नाही अशा कागदानं होते. मग 1954-55 सालची खासरा पाहणी, म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद, निघाली. मग सातबारा. मग मोजणीचे नकाशे, एकाच बांधाचे, आणि एकही दुसऱ्याशी जुळत नाही. जुन्या कागदात हद्दीची खूण म्हणून बाभूळ लिहिलीय.

"मग बाभूळ कुठंय?"

"त्याच्या आज्यानं चुलीत घातली," बप्पा म्हणले आणि बोटानं समोर दाखवलं. कॅन्टीनमधून एक माणूस चहाचे तीन कप सांभाळत येत होता.

"हा कोण?"

"प्रतिवादी."

प्रतिवादी आला, त्यानं पहिला कप बप्पाला दिला, दुसरा मला, आणि मला विचारलं, "साखर चालती ना सर?" दोघं सकाळी एकाच मोटारसायकलवर आलेले. पेट्रोल एकदा ह्याचं, एकदा त्याचं. मला वाटलं ह्यांचं तर मिटलंच आहे, मी तसं बोललोसुद्धा, की लोकअदालतीत का नाही मिटवत, कोर्ट फी पण परत मिळते म्हणतात.

दोघांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी काहीतरी अभद्र बोललो.

"लोकअदालतीत मिटलं की अपील न्हाई करता येत," बप्पा म्हणले.

"मिटल्यावर अपील कशाला पाहिजे?"

"तसं कसं सर. हितं निकाल लागंल, मंग जिल्हा न्यायाधीशाकडं अपील, मंग खंडपीठ. तितपर्यंतचा हक्क हाय मानसाचा. हक्क कामून सोडायचा?" प्रतिवादीनं मान डोलवली. हायकोर्टाचं खंडपीठ 1981 साली आपल्याकडं, औरंगाबादला आलं, त्याआधी आमच्या लोकांना हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागायची, त्याच्याही आधी हैद्राबाद. एवढं जवळ आलेलं कोर्ट वापरायचं नाही म्हणजे त्यांच्या हिशोबानं वाया घालवणं होतं.

मी विचारलं, ह्या दाव्यात किती जज्ज झाले? बप्पांनी मोजायला सुरुवात केली, नावानं नाही, गुणानं. एक साहेब लई हळू लिहायचे. एक बाई अशा होत्या की वकिलानं तारीख मागितली की दंड लावायच्या, त्यांच्या काळात दावा पळाला, पुरावा सुरू झाला, तेवढ्यात उन्हाळी सुटी लागली आणि बदली. एक साहेब निकालाला आले, युक्तिवाद संपत आला, बदली. हायकोर्ट साधारण तीन वर्षांनी बदल्या करतं, आणि नवीन आलेल्याला आख्खी फाईल पहिल्या पानापासून वाचावी लागते. "समदे साहेब आले आन् गेले," बप्पा म्हणले, "पर्मनंट मी आन् हे," हे म्हणजे प्रतिवादी. प्रतिवादी लाजला.

मग बप्पांनी माझी तयारी घेतली. "उलटतपासनीत वकील इकडचं तिकडचं विचारील, घाबरायचं न्हाई. म्हनंल अंधार होता का, मोटारीचा रंग कोनता, जमादार वळखीचा हाय का. आन् शेवटी म्हनंल, तुमी पोलिसांच्या सांगन्यावरून खोटी साक्ष देताय. तवा चिडायचं न्हाई. ते समद्यांनाच म्हनत्यात. तुमी फक्त म्हनायचं, हे खरं न्हाई. मॅडम टाइप करून घेत्यात, 'हे म्हणणे खरे नाही की'. ह्या वाक्याबिगर साक्ष पुरीच होत न्हाई."

"आणि मोटार? ती दाखवतील का मला ओळखायला?"

"मोटार कुठली! ती मालकानं तवाच सुपुर्तनाम्यावर, म्हंजी सांभाळतो असं लिहून देऊन, नेली असंल. त्यो तिकडं रान भिजवायलाय, चोर जामिनावर हाय, आन् तुमी बसलाव हितं."

ह्यावर मला खरंच काही बोलता आलं नाही. प्रतिवादी मात्र खदखदून हसला, आणि मला त्याचा पहिल्यांदा राग आला.

जेवणाच्या सुटीआधी सरकारी वकील बाहेर आले, माझा पंचनामा हातात, घामाघूम. मला म्हणले, "सर, फितूर होणार का?" हे इतक्या सहज, जणू साखर कमी का जास्त. मी म्हणलं नाही, मी वाचून सही केली होती, जे पाहिलं ते सांगणार. त्यांनी माझा हात धरून हलवला. मला वाटलं रडतील.

दुपारी पुकारा झाला. आडनाव चुकीचं घेतलं, पण बप्पांनी ढकललं, "तुमचंच हाय, जावा." मी आत गेलो, पिंजऱ्याजवळ उभा राहिलो, शपथेसाठी घसा साफ केला.

आरोपीच्या वकिलांचा ज्युनिअर उठला. तोच. काठावर पास. म्हणला, "मॅडम, सीनियर वरच्या कोर्टात अर्धवट ऐकलेल्या, पार्ट-हर्ड मॅटरमध्ये आहेत, तारीख मिळावी."

आता जुन्या फौजदारी संहितेचं कलम 309 मी घरी येऊन शोधून वाचलंय, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 346 झालंय. त्यात स्वच्छ लिहिलंय की साक्षीदार हजर असेल तर त्याला तपासल्याशिवाय खटला पुढं ढकलायचा नाही, ढकललाच तर खास कारणं लेखी नोंदवायची, आणि वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे कारण चालणार नाही. शब्दाशब्दात आहे. दिवाणीतसुद्धा एका पक्षाला तीनच्या वर तारखा देऊ नयेत असं लिहिलंय, हे बप्पांना सांगितलं असतं तर त्यांना ठसका लागला असता. मॅडमना हे माहीत होतंच, त्या बोलल्याही, "साक्षीदार आलेत, सीनियरना बोलवा." ज्युनिअर वर गेला, खाली आला, म्हणला, "मॅडम, सीनियरना अचानक बरं वाटेना, घरी गेलेत." आणि एक अर्ज पुढं केला. अर्ज टाइप केलेला होता. अचानक बरं वाटेना झाल्यावर तो इतक्या लवकर कुठल्या टाइपरायटरवर बडवून आणला, हे मी शिक्षक म्हणून विचारलं असतं, पण तिथं मी पंच होतो आणि पंचाला कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं, ढिगाकडं पाहिलं, खर्च भरायच्या अटीवर अर्ज मंजूर केला. खर्च आरोपी भरेल. माझी रजा कोण भरेल ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, नव्हतं. पोरांचा बुडालेला पीरियडही नव्हता. लोक म्हणतात पंच फितूर का होतात, पोलीस विकत घेतात का चोर विकत घेतात. अहो, विकत कशाला घ्यायला पाहिजे, दोन-चार तारखांना नुसतं बाकावर बसवा. माणूस आपण होऊन म्हणेल की मला काही आठवत नाही, मी मोटार पाहिली नाही, मी चहासुद्धा पीत नाही.

साक्षीदाराला भत्ता मिळतो म्हणून कळलं, त्यासाठी नाझरकडं, म्हणजे कोर्टाचे पैसे बघणाऱ्याकडं, गेलो. तिथल्या क्लार्कनी पासबुकाची झेरॉक्स मागितली. पासबुक घरी. "मग पुढच्या तारखेला दोन्ही तारखांचं एकदमच घ्या की," ते म्हणले, आणि ह्यात मला काही वाईट वाटायचं कारण आहे असं त्यांना अजिबात दिसत नव्हतं.

जाताना ज्युनिअर भेटला. पाया पडायला वाकला, मी पाय मागं घेतले. "सर, रागावू नका, मी फक्त सांगितलं तेवढं बोललो," तो म्हणला. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेतही तो हेच म्हणला होता.

बाहेर बप्पा प्रतिवादीच्या मोटारसायकलवर मागं बसून माझ्यासाठी थांबले होते. त्यांचंही कोर्टानं नेमलेल्या कमिशनरच्या अहवालावर म्हणणं यायचं राहिलं, म्हणून तारीखच. त्यांनी माझ्या हातातला चिठोरा घेतला, डोळ्याजवळ नेला आणि एकदम खुलले.

"अरे, एकच तारीख आली की आपली! सोमवार. सोमवारी बाजार असतो बगा हितं, भाजी सस्ती मिळती. येताना पिशवी आना."

प्रतिवादीनं गाडीला किक मारली.

"आन् पासबुकाची झेरॉक्स!" बप्पा जाता जाता ओरडले.