ब्लॉक अकाउंटचे पैसे ‘फक्त दाखवायला’ नसतात

एक फॉरवर्ड गेले काही महिने फिरतोय. माझ्याकडेही तो चार-पाचदा आला आणि मी पुसून टाकला. पण मागच्या आठवड्यात तो माझ्या मावशीकडे पोचला आणि तो वाचून ती महिना दोन टक्क्यांनी बारा लाख रुपये उचलायला निघाली. मुलाला एम.एस.ला जर्मनीला पाठवायचंय. आता मात्र गप्प बसवत नाही.

मजकूर थोडक्यात असा: ‘जर्मनीत शिक्षण पूर्ण फुकट. ब्लॉक अकाउंटचे पैसे फक्त दाखवायला लागतात, पोचल्यावर काढून परत करा. पार्ट-टाइममध्ये सगळा खर्च निघून घरी पाठवायला उरतात. ४९ युरोच्या पासवर दर शनिवार-रविवारी नवा देश बघा.’

सगळ्यात घातक आहे ते ब्लॉक अकाउंटचं वाक्य. व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावावर वर्षभराच्या खर्चाची रक्कम ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,२०८ युरोंवरून ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. हे पैसे मुलाचेच असतात, पण खात्याला ‘ब्लॉक’ म्हणतात ते उगाच नाही. तिथे पोचायचं, राहत्या पत्त्याची महापालिकेत नोंदणी करायची, चालू खातं उघडायचं, मग महिन्याला ९९२ युरो हातात पडतात. उरलेली रक्कम एकदम काढायची तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची लेखी परवानगी लागते, आणि मुलाकडे जगायला पैसे आहेत ना, हे बघणं हेच त्या कार्यालयाचं काम. ते ही परवानगी कशाला देईल?

आता मावशीचा हिशेब मांडू. बारा लाखांवर दोन टक्के म्हणजे महिन्याला चोवीस हजार नुसतं व्याज. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर दोनशे चाळीस युरो. मुलाच्या हातात येणाऱ्या ९९२ मधून खोलीचं भाडं, आरोग्य विम्याचे सव्वाशे-दीडशे, किराणा आणि फोन वजा करा, आणि मग हे व्याज कशातून जाणार ते सांगा. म्युनिकला तर शेअरिंगमधल्या एका खोलीलाच आठशेच्या आसपास पडतात. पूर्वेकडच्या माग्देबुर्ग किंवा केम्निट्ससारख्या गावांत होस्टेल पुष्कळ स्वस्त मिळतं, तिथे ओढाताण कमी होते, पण मुद्दल फिटेल एवढी शिल्लक तिथेही पडत नाही. शिवाय निवासी परवाना वाढवायच्या वेळी पुढच्या काळाच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. ‘महिनाभरासाठी पैसे देतो’ म्हणणारे एजंट हे सांगत नाहीत. वसुलीला ते जर्मनीत जात नाहीत, मावशीच्या दारात येतात.

पार्ट-टाइमचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम १६ ब यासाठी वाचावं. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. आठ तासांचे १४० दिवस धरले तर वर्षाला १५,५६८ युरो होतात, म्हणजे महिन्याला तेराशेच्या जवळपास, कपातीच्या आधी. कागदावर खर्च निघतो. पण हा आकडा एकही दिवस वाया न घालवता, पहिल्या आठवड्यापासून काम मिळालं तरचा आहे. जर्मन येत नसेल तर पहिले काही महिने शोधाशोधीतच जातात, आणि मग मिळतं ते बहुधा कुरिअरच्या गोदामात. मी ते जवळून पाहिलंय. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी, एका हातात स्कॅनर, समोर ट्रकमधून उतरणारी तीस-तीस किलोची खोकी, आणि सकाळी आठला लेक्चर. ज्या पोरांना विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली काम मिळतं ती सुखी, पण त्या जागा मोजक्या.

आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला परीक्षेची पद्धत माहीतच नसावी. आपल्याकडे केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर पुढे कधीतरी सुटतो. तिथे बहुतेक विद्यापीठांत एका पेपरला तीन प्रयत्न असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालात तर नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. शिक्षणासाठी मिळालेला निवासी परवानाही मग धोक्यात येतो. झोपेविना दिलेल्या पेपरची ही किंमत आहे.

फुकट शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, सेमेस्टरचं वर्गणीवजा शुल्क असतं, हे खरं. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सेमेस्टरला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमेस्टरला ४,००० ते ६,००० युरो पडतात. ‘पूर्ण फुकट’ म्हणण्याआधी राज्य आणि विद्यापीठ तरी विचारा.

राहिला दर शनिवारी नवा देश. तो महिन्याचा प्रवासाचा पास ४९ युरोंचा होता २०२३ मध्ये. आता ६३ झालाय. विद्यार्थ्यांना विद्यापीठामार्फत सवलतीत मिळतो, आणि चांगला आहे, पण तो जर्मनीपुरता आणि साध्या लोकल-रिजनल गाड्यांपुरता. आयसीई या वेगवान गाड्यांत चालत नाही. बर्लिन ते म्युनिक आयसीईने चार तासांच्या आसपास, तर या पासवर गाड्या बदलत बदलत अख्खा दिवस जातो. म्युनिककडून ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गपर्यंत तो चालतो, अशी सीमेलगतची मोजकी स्टेशनं सोडली तर देशाबाहेर वेगळं तिकीट. विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड.

मुळात शनिवार मोकळा असतो असं कोणी सांगितलं? रविवारी दुकानं बंद असतात. त्यामुळे आठवड्याचा किराणा, तुर्की दुकानातून पीठ-कोथिंबीर, रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून पंचवीस-पंचवीस सेंट परत घेणं, होस्टेलच्या वॉशिंग मशीनचा नंबर आणि चार दिवसांची भाजी करून फ्रीजमध्ये ठेवणं, हे सगळं शनिवारी. रविवारी असाइनमेंट नाहीतर शिफ्ट.

फिरणं होतं, आणि ते व्हावंच. परीक्षा संपल्या की फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोरं रात्रीच्या बसने प्रागला, ॲमस्टरडॅमला जातात, चौघांत एक खोली घेतात. निवासी परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत (एकमेकांच्या सीमा खुल्या ठेवणारे युरोपीय देश) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. सोबत पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड ठेवावं, कारण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. लंडन किंवा डब्लिनला जायचं असेल तर वेगळा व्हिसा लागतो, तो आधी काढा.