सफवानची खजुराची झाडं आणि दहा मीटरची पट्टी

वादाला तोंड फुटलं ते पूना डिव्हिजनवरून. सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यासमोरचा कट्टा, चहा अजून यायचा होता. मकरंद सांगत होता, की पश्चिम आशियातली निम्मी भांडणं ब्रिटिशांचे मार्क सायक्स आणि फ्रेंचांचे फ्रान्स्वा जॉर्ज-पिको यांनी 1916 मध्ये नकाशावर मारलेल्या रेघेतून निघाली.

"रेघ नंतर आली, आधी पलटण गेली," अण्णा म्हणाले. "ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन नोव्हेंबर 1914 मध्ये इराकच्या दक्षिण टोकाला, फावला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडलं. पुढे ती कूत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली. 103, 110, 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या. शरणागती 29 एप्रिल 1916 ची. सायक्स-पिको कराराचं शेवटचं पत्र 16 मेचं. म्हणजे सतरा दिवसांनी. आपली माणसं तुर्कांच्या कैदेत वाळवंट तुडवत होती, तेव्हा त्या मुलखाची वाटणी होऊन गेली होती."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शर्वरीनं विचारलं, "पण त्या नकाशातली कुठली रेघ आज आहे तशी आहे? मोसूल त्यात फ्रेंचांच्या वाट्याला होतं. डिसेंबर 1918 मध्ये फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसोनं ते ब्रिटिश पंतप्रधान लॉईड जॉर्जला तोंडी सोडून दिलं. पॅलेस्टाइनचा बराच भाग आंतरराष्ट्रीय कारभाराखाली ठेवायचा होता, तोही ब्रिटिशांनी घेतला. एप्रिल 1920 मध्ये सान रेमोला मॅन्डेट, म्हणजे त्या मुलखांवर कारभार करायचे अधिकार, वाटले गेले आणि त्यानंतर सीमा तुकड्यातुकड्यानं ठरल्या. सगळं त्या दोघांवर ढकललं की बाकीचे सुटतात."

मकरंदनं एवढं मान्य केलं, पण मुद्दा सोडला नाही. "एकच जमीन तिघांना कबूल केली, हे तरी खरं ना? इजिप्तमधला ब्रिटिश हाय कमिशनर मॅकमहोननं मक्केच्या शरीफ हुसेनला 24 ऑक्टोबर 1915 च्या पत्रात अरब राज्य कबूल केलं. वगळलं काय, तर दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो या 'जिल्ह्यांच्या' पश्चिमेचा भाग. अरबी मसुद्यात शब्द पडला 'विलायत', आणि ऑटोमन कारभारात विलायत म्हणजे अख्खा प्रांत. होम्स किंवा हमा नावाचा प्रांतच नव्हता! पुढे ब्रिटिश म्हणाले, पॅलेस्टाइन वगळलेल्या भागात येतं. अरब म्हणाले, ते या शहरांच्या दक्षिणेला आहे, त्यात येतंच कसं? आणि 2 नोव्हेंबर 1917 ला पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर कबूल करणारं बाल्फोरचं पत्र निघालं."

"हा मॅकमहोन म्हणजे आपल्या अरुणाचलच्या रेषेचा?"

"तोच. 1914 मध्ये सिमल्याला तिबेटची रेषा, पुढच्या वर्षी कैरोतून ही पत्रं."

अण्णांचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते जास्त पटतं. सीमा तीन टप्प्यांत होते. आधी कोणता मुलूख कुणाचा, याचं वाटप. मग करारात शब्दांनी वर्णन. शेवटी जमिनीवर मोजणी करून हद्दीचे खांब. परकी सत्ता पहिलं काम घाईनं उरकते, दुसरं मोघम करते आणि तिसरं मागे ठेवून निघून जाते.

"इराक-कुवेत घ्या," अण्णा म्हणाले. "1923 मध्ये इराकमधला ब्रिटिश हाय कमिशनर पर्सी कॉक्सनं हद्द कळवली. बातिनच्या कोरड्या पात्रातून वर यायचं, सफवान या गावाच्या अक्षांशाच्या 'थोडं दक्षिणेला' एका बिंदूपर्यंत. तिथून पूर्वेला वळायचं, सफवानच्या विहिरी, जबल सनाम आणि उम्म कस्र इराककडे ठेवून. 1932 मध्ये इराकनं जवळजवळ त्याच शब्दांत मान्यता दिली. आता 'थोडं' म्हणजे किती? आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा अशी लिहिली तर चालेल का? सफवानच्या सगळ्यात दक्षिणेकडच्या खजुरांपासून मैलभर अंतरावर एक पाटी लावली होती. ती गेली. परत लावली, तर जागा चुकली म्हणून इराकनं हरकत घेतली. खजुराची बाग वाढते, ती कुणाला विचारून वाढत नाही."

खांब उभे राहिले ते 1990 च्या आक्रमणानंतर, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून. 1993 च्या ठराव 833 नं ती हद्द पक्की झाली. समुद्राचं दुखणं तरीही राहिलं. इराकचा किनारा जेमतेम 58 किलोमीटर, आणि वारबा, बुबियान ही बेटं कुवेतची. उम्म कस्रला जाणाऱ्या बोटी खोर अब्दुल्लाच्या अरुंद खाडीतूनच जातात.

शर्वरीनं त्याला जोड दिली ती गॅलिलीच्या तळ्याची. पोलेट या फ्रेंच आणि न्यूकोम्ब या ब्रिटिश अधिकाऱ्यानं आखलेली सीरिया-पॅलेस्टाइनची हद्द 1923 मध्ये मंजूर झाली. तळ्याच्या ईशान्य काठाला ती पाण्यापासून 10 मीटर आत, जमिनीवरून नेली. कारण पाणी पूर्ण ब्रिटिशांच्या हातात हवं होतं. 1948 च्या युद्धानंतर सीरियाचे सैनिक पार पाण्यापर्यंत होते. मार्च 2000 मध्ये जिनिव्हात क्लिंटन आणि सीरियाचे अध्यक्ष हाफिज अल-असद भेटले आणि सीरिया-इस्रायल शांततेची बोलणी मोडली ती या काठाच्या पट्टीवर. असदना 4 जून 1967 ची, म्हणजे त्या वर्षीच्या युद्धाच्या आदल्या दिवशीची, रेषा हवी होती, म्हणजे पाण्याला हात लागेल अशी. एवढ्या अरुंद पट्टीपायी केवढा करार गेला, याची हळहळ आजही वाटते.

"मग नीट मोजून खांब रोवले की भागलं?" शर्वरीनं अण्णांना गाठलंच. "तुर्की-इराक सीमा बघा. राष्ट्रसंघानं 1925 मध्ये चौकशी आयोग पाठवला, डिसेंबरमध्ये निर्णय दिला. 1926 च्या करारात मोसूल इराककडे गेलं आणि तुर्कीला 25 वर्षं तेलाच्या रॉयल्टीतले 10 टक्के कबूल झाले. शब्द स्पष्ट, हद्द स्पष्ट. त्या हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या कुर्दांचं काय झालं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. पराभूत ऑटोमन तुर्कीशी झालेल्या सेव्हरच्या 1920 च्या करारात कलम 64 होतं. कुर्दांच्या बहुसंख्येला स्वातंत्र्य हवं असेल, तर वर्षभरात राष्ट्रसंघाकडे अर्ज करायची सोय त्यात होती. तो करार अमलात आलाच नाही. त्याच्या जागी जुलै 1923 मध्ये लोझानचा आला.

"आणि लोझानमध्ये?" मकरंदनं विचारलं.

"त्यात कुर्द हा शब्दच नाही," अण्णा म्हणाले.