ढोलावर बसलेला अ‍ॅस्टली

इंग्लंडच्या यादवीतल्या (राजा विरुद्ध पार्लमेंट) राजा-सरदारांच्या वचनांवरचा लेख आवडला. पण राजा पहिल्या चार्ल्सच्या वधस्तंभावरच्या 'नाशवंत मुकुट सोडून अविनाशी मुकुटाकडे' या उद्गारांनाच सगळी जागा गेली आणि सर जेकब अ‍ॅस्टली राहून गेला, याची चुटपुट लागली.

२३ ऑक्टोबर १६४२, एजहिलची लढाई. राजाच्या पायदळाचा हा म्हातारा सेनानी प्रार्थना करतो: देवा, आज मी किती गडबडीत असणार ते तू जाणतोसच. मी तुला विसरलो, तरी तू मला विसरू नकोस. एवढं म्हणून लगेच पुढे निघायचा हुकूम! माझ्या मते अख्ख्या यादवीत याहून प्रामाणिक वाक्य नाही.

मार्च १६४६ मध्ये स्टो-ऑन-द-वोल्डला हाच अ‍ॅस्टली हरला. एव्हाना तो लॉर्ड झाला होता, वय साठीच्या बरंच पुढे, केस पांढरे. दमलेल्या म्हाताऱ्याला बसायला शत्रूच्या, म्हणजे पार्लमेंटच्या, शिपायांनीच ढोल आणून दिला. त्यावर बसून तो म्हणाला, 'तुमचं काम झालं पोरांनो, आता खुशाल खेळायला जा. आपसांतच भांडायला लागला नाहीत म्हणजे झालं!' ना शिव्याशाप, ना रडगाणं. मला तर तो ढोल डोळ्यांसमोर दिसतो.

आणि झालंही तसंच. पार्लमेंट आणि तिचंच सैन्य यांचं बिनसलं, डिसेंबर १६४८ मध्ये शिपायांनी सभासदांना दारातच अडवलं. पुढच्या महिन्यात राजाचा शिरच्छेद झाला. लेखाचा दुसरा भाग येणार असेल तर अ‍ॅस्टलीला त्यात जरूर घ्या.