उड्डाणपूल होऊन राह्यला का?

शनिवारी फ्रेमवाल्याने माझा फोटो ट्यूबलाइटखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "धुकं होतं काय जी?"

मे महिन्यात. नागपुरात.

धुकं कुठलं, माझा हात हलला होता. म्हणून रविवारी पहाटे पाचला मेहुण्याचा ट्रायपॉड घेऊन फुटाळा तलावावर. पहाटेच, कारण आपल्याकडे दहा वाजले की जमीन तापते, हवा थरथरते आणि लाखाची लेन्स लावली तरी पलीकडची झाडी भिजलेल्या शेवयांसारखी दिसते. अभ्यास पक्का होता. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, १००. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ वर. एफ/२२ केलं की सगळं लख्ख येतं असं वाटायचं, पण इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि फोटो उलट मऊ पडतो. बोटाचाही धक्का लागतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. वजन राहावं म्हणून ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला बॅग लटकवली. वाकलो.

"उड्डाणपूल होऊन राह्यला का?"

मागे काका. पांढरे बूट, गळ्यात दुपट्टा, तोंडात कडुलिंबाची काडी.

"नाही काका, फोटो काढतोय."

"मोजणी नाही?"

"नाही."

"मंग हे तीन पायाचं काऊन आनलं?"

त्यांचीही चूक नाही. या शहरात तीन पायांवर काही उभं राहिलं की आठ दिवसांत तिथे पत्रे लागतात. आमच्या गल्लीतला खड्डा दिवाळीपासून तसाच आहे. माझ्या फोटोंत तेवढा तो नेहमी स्पष्ट येतो, कारण कोणी त्याला हलवतच नाही.

टायमर सुरू केला. काकांनी झडप घालून ट्रायपॉडचा पाय दोन्ही हातांनी धरला.

"पडन ना ते! मी धरून राह्यतो, तुमी काढा."

"सोडा काका, हलतं."

"हलते म्हनूनच त धरलं!"

यावर काय बोलणार? कसाबसा पाय सोडवला, दुसरा फोटो लावला, तर स्टँड पुन्हा डुगडुगतंय. बॅग काकांच्या मांडीवर!

"अशी लटकवून ठेवतेत का? कोनी नेली म्हंजे? आमचा जावई पुन्याले आहे, त्याच्याजवळ याच्याहून मोठा आहे."

जावयाची नोकरी, फ्लॅट, फ्लॅटचा हप्ता. तेवढ्यात पाण्यावरचा गुलाबी रंग गेला. हे आता लिहिताना हसू येतंय, तिथे रागच आला होता. पेपर वाचणाऱ्याचं पान कोणी उलटून देत नाही. कॅमेरा दिसला की मात्र अख्खं तळं आपलं नातेवाईक.

"माझाबी एक काढा," काका म्हणाले. काढला. झूम पूर्ण ५५ मिमीला नेऊन, डोळ्यांवर फोकस करून, कटकट मिटावी म्हणून.

घरी सगळे फोटो मोठे करून पाहिले. तळ्याचे २७, सगळ्यांत तेच मे महिन्यातलं धुकं. आणि काका? भुवईचा केस न् केस, दाढीचे खुंट, कडुलिंबाच्या काडीचे तंतूसुद्धा मोजून घ्या.

नंबर त्यांनी दिलाच होता, पाठवून दिला. संध्याकाळी उत्तर आलं.

"मस्त आला. पन मांगचं तळं पुसट काऊन आहे? थांबा, जावयाले विचारून सांगतो."