‘अभ्यास केला की भीती जाते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. भीती ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे असते, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही लिहिलंत, ‘भीतीचा स्वभावाशी संबंध नाही, अभ्यास कमी पडला की ती वाटते. मराठी माध्यमातून पीयू सायन्सला गेलेल्या पोरांना तुम्ही आणखी एक निमित्त देताय.’ (पीयू म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी.) निमित्ताची काळजी रास्त आहे. पहिलं वाक्य मात्र मला पटत नाही.

दहावीपर्यंत ‘संवेग’ शिकलेलं पोर अकरावीत ‘मोमेंटम’पुढे बसतं, तेव्हा ‘मला जमेल का?’ ही शंका खानापूरच्या काय, निपाणीच्या काय, बहुतेकांना येतेच. पुढचं मात्र ज्याच्या त्याच्या पिंडावर. चिंतेचा पिंड असलेला एक गणित चुकलं की थेट ‘मी ढच’ इथवर पोचतो. शिस्तीची पोरगी तोच धडा चौथ्यांदा उतरवून काढते, पण पेपर सोडवायला घेत नाही. सोडवला तर कळेल ना! आणखी एखादा पुस्तकच उघडत नाही, म्हणजे नापास झाला तरी ‘अभ्यासच केला नव्हता’ म्हणायला जागा राहते. याला तुमचा उपाय लागू पडेल असं वाटतं, पण याचीही अडचण आळसाची नाही.

‘होतंय की, काय भ्यायचं नाही’ हा धीरही सगळ्यांना मानवत नाही. काही जण वाईटात वाईट काय होईल ते आधी डोळ्यांपुढे आणून तयारी करतात. मानसशास्त्रज्ञ नोरेम आणि कँटर यांच्या १९८६च्या अभ्यासात अशांना ‘तुम्हाला छान जमेल’ सांगितल्यावर त्यांची कामगिरी उलट खालावली.

म्हणून मी व्यक्तिमत्त्व चाचण्यांतल्या सोळा प्रकारांचे शिक्के मारायला सांगत नाही. स्वभाव कमी-जास्त असतो, कप्प्यांत मावत नाही. त्यापेक्षा एक वही घाला. २० गुणांची चाचणी झाली की, उत्तरं तपासण्याआधी, किती पडतील तो अंदाज लिहायचा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘शब्द अडला’, ‘कल्पना अडली’ की ‘घाई’ ते नोंदवायचं. सहा चाचण्यांत अंदाज सतत चार-पाच गुणांनी कमी निघाला, तर दोष शंकेचा. सतत जास्त निघाला, तर सर, तुमचंच खरं. ही वही घरच्यांनी बघू नये. बघितली की पोरं मुद्दाम कमी अंदाज लिहितात आणि सगळा हिशोब बिघडतो.

कर्नाटकच्या सीईटीत (बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत) एका विषयाला ६० प्रश्न, ८० मिनिटं, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरी चिंतेचं पोर खात्री नाही म्हणून गोल रिकामे सोडतं. शेवटची पाच मिनिटं फक्त ते गोल भरायला ठेवायची, हे त्याच्याकडून सरावाच्या प्रत्येक पेपरात करून घ्यावं लागतं.